रोमन सेनापती लढाईआधी शकुन कसा घेत असे? क्रम आणि नियम हवे आहेत

विदिशा_ना

एका एकांकिकेत रोमन छावणीतला पहाटेचा प्रवेश आहे. काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे (मध्य इटलीतल्या लोकांशी झालेल्या) सॅम्नाइट युद्धांपासून हॅनिबलपर्यंत कुठेही चालेल. कॉन्सल, म्हणजे रोमचा निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी आणि सेनापती, शकुन घेतो, मग पशुबळी दिला जातो आणि त्यानंतर लढाईचा निर्णय होतो, असा ढाचा मनात आहे.

वाचलेल्या माहितीत ऑगर, हारुस्पेक्स, कोंबड्या, यकृत, डावा-उजवा पक्षी हे सगळं एकत्र कालवलेलं दिसतं. त्यामुळे नेमके प्रश्न असे:

शकुन कोण घेतं, पुरोहित की सेनापती? किती वाजता, कुठे बसून, काय बोलून? कोंबड्यांनी काय केलं की होकार आणि काय केलं की नकार? बळी देताना क्रम काय? यकृतात काय पाहत? आणि नकार आला तर पुढे काय?

रंगमंचावर दाखवायचं असल्यामुळे हातात काय, डोक्यावर काय, कोण कुठे उभं, इतक्या बारीक तपशिलाचाही उपयोग होईल.

---

जुनी_वही

आधी माणसं वेगळी करून घ्या, नाहीतर अख्खा प्रवेश चुकेल.

ऑगर हा रोमन उमराव. तहहयात पद, स्वतंत्र मंडळ. इ.स.पू. ३०० च्या ओगुल्नियस कायद्याने मंडळात ९ जण झाले, पुढे हुकूमशहा सुल्लाने ते १५ केले. शकुनाचे नियम जपणं, वाद झाला तर निवाडा देणं हे त्यांचं काम. हारुस्पेक्स वेगळा. तो एत्रुस्कन (रोमच्या उत्तरेकडच्या जुन्या लोकांच्या) विद्येचा जाणकार, पशूची आतली इंद्रियं आणि वीज वाचणारा. आणि छावणीत कोंबड्यांचा पिंजरा सांभाळणारा तो पुल्लारियुस, हा तिसरा.

शकुन घ्यायचा अधिकार मात्र या तिघांपैकी कोणाचाच नाही. तो कॉन्सलचा आहे, पदाबरोबर मिळालेला. बाकीचे मदतनीस. त्यामुळे तुमच्या प्रवेशात पुरोहित पुढे आणि सेनापती मागे हात जोडून उभा, असं दाखवू नका. जाब देवाला द्यायचा तो सेनापतीने.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. "आम्ही जिंकू का?" असा प्रश्न तिथे विचारलाच जात नसे. प्रश्न एवढाच: "हे काम आज करायला तुझी परवानगी आहे का?" होकार त्या एका दिवसापुरता. रोमन दिवस मध्यरात्री सुरू होऊन पुढच्या मध्यरात्री संपे, म्हणून शकुन मध्यरात्रीनंतर आणि काम उजाडल्यावर, त्याच दिवसात. नकार आला तर उद्या तोच प्रश्न पुन्हा विचारता येई. नकार म्हणजे संकटाचं भाकीत नव्हे. नकार असताना काम रेटणं हा अपराध. हे एकदा धरलं की पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात.

आता क्रम. रात्रीचे चार पहारे असत. तिसरा पहारा मध्यरात्री लागतो, त्या पहाऱ्यात कॉन्सल उठतो. उठताना आवाज नाही. बिछान्यावरून उतरून तो भक्कम, न हलणाऱ्या आसनावर बसतो आणि पुन्हा बिछान्यावर जाईपर्यंत काहीही खाली पडणार नाही याची काळजी घेतो. भांडं पडलं, कोणी ठेचकाळलं, उंदीर चिरकला, तर शकुन बाद. उंदराच्या चिरकण्यावरून फाबियुस माक्सिमुसला हुकूमशहापद (संकटकाळापुरतं दिलेलं सर्वाधिकारी पद) सोडावं लागल्याची नोंद आहे, त्यामुळे हे नुसतं पुस्तकी कलम समजू नका.

पुढचा संवाद रोमन लेखक-राजकारणी सिसेरोने दिलेला आहे, आणि तो स्वतः ऑगर होता. मराठीत साधारण असा:

कॉन्सल: "शकुनाच्या वेळी तू माझ्यासोबत असावंस अशी माझी इच्छा आहे." (इथे मदतनिसाचं नाव घ्यायचं.)
मदतनीस: "ऐकलं."
कॉन्सल: "शांतता आहे असं वाटेल तेव्हा सांग."
मदतनीस: "शांतता आहे असं वाटतं."
कॉन्सल: "त्या खाताहेत का सांग."
मदतनीस: "खाताहेत."

इथे शांतता म्हणजे नुसता आवाज नसणं नव्हे, कुठलाच दोष नसणं. मूळ रीतीप्रमाणे मदतनिसाने आजूबाजूला नीट पाहून, कानोसा घेऊन मगच उत्तर द्यायचं. सिसेरोच्या काळात तो वरही न पाहता लगेच उत्तर देत असे आणि सिसेरोला ते खटकतं. तुमचा काळ दोन शतकं आधीचा, तेव्हा मधला थांबा भरपूर लांब ठेवा. रंगमंचावर तो थांबाच काम करील.

शांततेचं उत्तर आलं की, "खाताहेत" म्हणण्याआधी, पिंजरा उघडतात आणि लापशीचा मऊ गोळा टाकतात. पक्षी बाहेर आले आणि असे तुटून पडले की चोचीतला घास जमिनीवर सांडला, तर तो सर्वोत्तम होकार. त्याला त्रिपुदियुम म्हणत. पिंजऱ्याबाहेर येणंच नाकारलं, ओरडले, पंख फडफडवले, पळून गेले, तर नकार. महत्त्व खाण्यापेक्षा सांडण्याला आहे, म्हणून गोळा मऊ हवा. कोरडे दाणे टाकलेले दाखवू नका.

---

तांबडमाती

बळीबद्दल मी लिहितो. शकुन आणि बळी हे दोन स्वतंत्र विधी आहेत हे लक्षात ठेवा. शकुन अंधारात आणि शांततेत, बळी उजेडात आणि सगळ्यांसमोर.

पशूची निवड हाच अर्धा विधी. देवाला नर, देवीला मादी. आकाशातल्या देवांना पांढरा, पाताळातल्यांना काळा. ज्युपिटरला बैल, म्हणजे खच्ची केलेला. वळू चालत नाही. वळू मार्सला. तेल्लुस म्हणजे पृथ्वीला १५ एप्रिलला गाभण गाय. वयाचेही नियम आहेत: डुकराचं पिल्लू जन्मापासून पाचव्या दिवशी बळीयोग्य, मेंढराचं आठव्या, वासरू तिसाव्या. वासराची शेपटी मागच्या पायाच्या सांध्यापर्यंत पोचली पाहिजे. लंगडं नको, आणि माणसाने खांद्यावर उचलून आणलेलं वासरू तर नकोच, कारण पशू आपल्या पायांनी चालत वेदीपाशी यायला हवा. दोरी सैल धरतात ती याचसाठी. पशू ओढाताण करू लागला किंवा सुटून पळाला तर अपशकुन, आणि दुसरा पशू आणावा लागे.

कॉन्सल हात धुतो आणि टोग्याचं टोक डोक्यावर घेतो. रोमन रीतीत डोकं झाकलेलं असतं, ग्रीक रीतीत उघडं. रोममध्येच हर्क्युलीसच्या मोठ्या वेदीवर आणि सॅटर्नसाठी उघड्या डोक्याने बळी देत. छावणीत ज्युपिटर किंवा मार्ससाठी झाकलेलंच दाखवा.

प्रार्थना पाठ म्हणत नसत. एक जण लेखी मजकूर वाचून शब्दाशब्दाने सांगतो, यजमान मागून म्हणतो, दुसरा जण शब्द चुकत नाही ना हे ऐकत असतो, तिसरा लोकांना गप्प राहायला सांगतो आणि बासरीवाला सतत वाजवत राहतो. बासरी करमणुकीला नाही. बाहेरचा कुठलाही आवाज प्रार्थनेत मिसळू नये म्हणून ती आहे. किती अत्यावश्यक? इ.स.पू. ३११ मध्ये ज्युपिटरच्या मंदिरातलं जेवण बंद केल्यावरून बासरीवाले रागावून तिबुरला निघून गेले, तर सिनेटला त्यांना परत आणायची खटपट करावी लागली, कारण रोममध्ये बळीच्या वेळी वाजवायला कोणी उरलं नव्हतं.

आधी लहान चुल्हाणावर धूप आणि वाइन. मग पशूच्या पाठीवर मोला साल्सा (मीठ मिसळलेलं पीठ) भुरभुरतात, कपाळावर वाइन ओततात आणि सुरी डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवरून नुसती फिरवतात. या क्षणी पशू देवाचा झाला. कॉन्सलचं हाताने करायचं काम इथे थांबतं. मारतात ते नोकर, कमरेपर्यंत उघडे. त्यांच्यातला एक विचारतो, "करू का?" उत्तर येतं, "कर." बैलाला हातोड्याचा किंवा कुऱ्हाडीचा घाव घालून मग गळा चिरतात, मेंढी-डुकराचा थेट गळा.

मोला साल्सा म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण ते पीठ कुठूनही आणून चालत नसे. गहू एमर जातीचा, म्हणजे आपल्याकडे सांगली-साताऱ्यात पिकतो तो खपली. ७ ते १४ मे दरम्यान एक दिवसाआड तीन ज्येष्ठ वेस्टल कुमारिका (वेस्टा देवीच्या पुजारिणी) कणसं टोपल्यांत गोळा करीत. त्याच ती भाजत, कांडत, दळत आणि पीठ साठवून ठेवीत. खपलीचं टरफल नुसत्या झोडपणीने सुटत नाही, म्हणून भाजणं आणि कांडणं दोन्ही लागतं. मीठही त्याच तयार करीत: खारं मीठ उखळीत कुटून मातीच्या भांड्यात भरायचं, तोंड जिप्समने लिंपायचं, भट्टीत भाजायचं, मग घट्ट झालेला गोळा लोखंडी करवतीने कापायचा. पीठ आणि मीठ एकत्र करायचे दिवस वर्षातून तीनच: १५ फेब्रुवारी, ९ जून आणि १३ सप्टेंबर.

प्रवेशात हे एका लहान डबीत दाखवा, मूठभर पुरतं.

---

विदिशा_ना

खूपच उपयोगी. दोन शंका. पहिली, डावा पक्षी शुभ की उजवा? दोन्ही वाचायला मिळतं. दुसरी, कोंबड्यांना आदल्या दिवशी उपाशी ठेवलं की होकार हमखास. मग हे सगळं राजकीय नाटकच नव्हतं का? आणि पुल्लारियुस खोटं बोलला तर?

---

ध्रुवमत्स्य

डाव्या-उजव्याचं आधी.

रोमन रीतीत डावं शुभ, ग्रीक रीतीत उजवं. रोमन लेखकही ग्रीक कवितेच्या नादाने कधीकधी उजवं शुभ लिहून जातात, गोंधळ तिथून येतो.

ऑगर आकाशाचा एक भाग शब्दांनी आखून घेतो. हातात लिटूस, वरच्या टोकाला वळलेली, गाठ नसलेली काठी. अमुक झाड ही डावी हद्द, तमुक झाड ही उजवी, असं म्हणत तो चौकट बांधतो. रोमन विद्वान वारोच्या वर्णनात तोंड दक्षिणेला, म्हणजे डावीकडे पूर्व. इतिहासकार लिव्हीने नुमा राजाच्या अभिषेकाचं जे वर्णन दिलंय त्यात ऑगरने उजवी बाजू दक्षिण आणि डावी उत्तर ठरवली, म्हणजे त्याचं तोंड पूर्वेला. दिशा बदलते, पण ती आधी बोलून ठरवलेली असते, आणि महत्त्व त्यालाच आहे. दक्षिण इटलीत बान्झी इथे, म्हणजे जुन्या बांतियात, अशा जागेचे नऊ दगडी खुंट सापडलेत, त्यांवर शकुनाची संक्षिप्त अक्षरं आहेत.

पण "डावं शुभ" हा सरसकट नियम समजू नका. डोमकावळा उजवीकडून ओरडला तर मान्य, साधा कावळा डावीकडून. काही पक्ष्यांचं उडणं बघत (गरुड, गिधाड), काहींचा आवाज ऐकत (डोमकावळा, कावळा, घुबड), सुतारासारख्या काहींचं दोन्ही. डावीकडची वीज इतर सर्व कामांना उत्तम, पण लोकांची मतदानसभा भरवायला त्या दिवशी सक्त मनाई.

छावणीसाठी हे सगळं बाजूला ठेवा. मोहिमेवर कोंबड्याच. त्यांचा पिंजरा उचलून नेता येतो, गरुड काही बोलावल्यावर येत नाही.

---

जुनी_वही

"नाटकच" हे मला अजिबात पटत नाही, आणि ते का, ते उदाहरणांनीच सांगता येईल.

उपाशी पक्ष्यांचा आक्षेप जुना आहे, सिसेरोनेच घेतलाय: पिंजऱ्यात कोंडलेला भुकेला पक्षी घास सांडणारच, मग त्यात देवाचं काय? आक्षेप खरा. पण रोमन व्यवस्था पक्ष्याच्या मनातलं शोधत नव्हती. विधी बिनचूक झाला का आणि निरोप नीट पोचला का, हे ती तपासत होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इ.स.पू. २९३ च्या अक्विलोनियाच्या लढाईत आहे, आणि तुमच्या प्रवेशाला याहून चांगला प्रसंग मिळायचा नाही. कॉन्सल लुसियुस पापिरियुस कुर्सोर तिसऱ्या पहाऱ्यात गुपचूप उठला आणि त्याने पुल्लारियुसला शकुनाला पाठवलं. सैन्य लढाईला इतकं उतावीळ होतं की ती लागण पुल्लारियुसलाही झाली. कोंबड्या खात नव्हत्या, तरी त्याने कॉन्सलला उत्तम त्रिपुदियुम झाल्याचं कळवलं. कॉन्सलने लढाईची खूण केली. सैन्य निघत असताना पिंजरेवाल्यांमध्ये यावरून वाद झाला, तो घोडेस्वारांनी ऐकला आणि कॉन्सलच्या पुतण्यापर्यंत पोचवला. पुतण्याने आधी खातरजमा केली, मग काकाला सांगितलं.

कॉन्सलचं उत्तर असं: तू नीट वागलास. पण शकुनाच्या कामावर असलेला माणूस खोटं सांगत असेल तर दोष त्याच्या डोक्यावर. मला त्रिपुदियुम कळवलं गेलंय, आणि रोमन लोकांसाठी व सैन्यासाठी तोच उत्तम शकुन. मग त्याने पिंजरेवाल्यांना पहिल्या रांगेत उभं करायला लावलं. लढाईची आरोळी उठण्याआधीच कुठूनतरी आलेला भाला त्या पुल्लारियुसला लागला आणि तो मेला. कॉन्सल म्हणाला, अपराध्याला शिक्षा झाली, देव रणांगणावर आहेत. तेवढ्यात समोर डोमकावळा मोठ्याने ओरडला. लढाई रोमने जिंकली.

कळवलेला शकुन हाच शकुन. कॉन्सलची पळवाट म्हणून हे वाचू नका. जबाबदारी कोणाची, हे ठरवणारा तो कायदा आहे.

उलट बाजू बघा. इ.स.पू. ३२५ मध्ये हुकूमशहा पापिरियुस (वरच्याचा बाप) सॅम्नियममधून रोमला परतला, कारण त्याच्या शकुनाविषयी शंका उभी राहिली होती आणि तो नव्याने घ्यायचा होता. जाताना त्याने आपला घोडदळप्रमुख क्विंतुस फाबियुस याला बजावलं की लढायचं नाही. फाबियुस लढला आणि दणदणीत जिंकला. पापिरियुस परत आला तो त्याला मृत्युदंड द्यायच्या निश्चयाने. सिनेट, जनता, फाबियुसचा म्हातारा बाप यांनी गयावया केल्यावर तो वाचला. विजयाने शकुनाचा दोष धुऊन निघत नाही, हा नियम इतका कडक होता.

आणि सर्वांत बोलकं उदाहरण इ.स.पू. १६३ चं. कॉन्सल तिबेरियुस ग्राक्खुसने (पुढे प्रसिद्ध झालेल्या दोन ग्राक्खुस भावांच्या वडिलांनी) पुढच्या वर्षीच्या कॉन्सलांची निवडणूक घेतली. मतं कळवणारा अधिकारी जागीच मेला. सिनेटने हारुस्पेक्सांना विचारलं, ते म्हणाले निवडणूक घेणारा योग्य नव्हता. ग्राक्खुस संतापला, परके एत्रुस्कन मला शकुन शिकवणार का म्हणाला आणि त्यांना हाकलून दिलं. नंतर आपल्या प्रांतात असताना नियमांची पुस्तकं वाचताना त्याच्या लक्षात आलं: शकुनाचा तंबू शहराच्या पवित्र हद्दीबाहेर होता, सिनेटच्या बैठकीसाठी तो हद्द ओलांडून आत गेला आणि परत बाहेर येताना हद्द ओलांडण्याचा शकुन घ्यायचा राहून गेला. कोणालाही कळलं नसतं. त्याने स्वतः ऑगरमंडळाला पत्र लिहिलं आणि पदावर बसलेल्या दोन्ही कॉन्सलांनी राजीनामे दिले. नाटक करणारा माणूस असं पत्र लिहीत नाही.

राजकारणासाठी वापर झालाच नाही असं नाही. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरचा जोडीदार कॉन्सल बिबुलुस घरात बसून "मी आकाश बघतोय" असं कळवत सीझरचे कायदे अडवू पाहत होता. पण हत्यार चालतं ते लोक नियम मानतात म्हणूनच.

नकार धुडकावल्याचा प्रसंग हवा असेल तर इ.स.पू. २४९, कार्थेजविरुद्धची द्रेपानाची आरमारी लढाई. कॉन्सल क्लॉडियुस पुल्खेरने कोंबड्या समुद्रात फेकल्या, "खात नाहीत तर पिऊ देत", आणि ९३ जहाजं गमावली. मात्र ग्रीक इतिहासकार पॉलिबियुस ही लढाई सविस्तर सांगतो आणि कोंबड्यांचा उल्लेखही करत नाही. म्हणून मी अक्विलोनियाच घ्या म्हणतो.

---

शिलालेखी

यकृताबद्दल राहिलंय.

इंद्रियं म्हणजे यकृत, पित्ताशय, फुफ्फुसं, आतड्यांवरचा चरबीचा पडदा आणि हृदय. पण रोमन लेखक प्लिनी सांगतो की हृदयाची गणना रोमशी लढायला आलेला ग्रीक राजा पिऱ्हुस इटली सोडून गेल्यानंतर सुरू झाली, म्हणजे इ.स.पू. २७५ नंतर. तेव्हा २९३ चा प्रसंग घेतलात तर हृदयाकडे बोट दाखवू नका, यकृतावरच भर द्या.

यकृत डाव्या हाताच्या तळव्यावर धरायचं. मेंढीच्या यकृताला एका बाजूला अंगठ्यासारखा उंचवटा असतो, त्याला "डोकं" म्हणत. ते नसणं सर्वांत वाईट. शिवाय यकृताचे दोन भाग मानत, आपला आणि शत्रूचा. चीर, डाग, सूज कुठल्या भागात आहे त्यावर अर्थ. पित्ताशय भरलेलं की आकसलेलं, दोन आहेत का, हेही पाहत.

हारुस्पेक्स काय डोळ्यांसमोर ठेवून वाचत असेल ते समजायला प्याचेन्झाचं काशाचं यकृत पाहा. १८७७ मध्ये शेतात सापडलं, लांबी १२६ मिलिमीटर, कडेला १६ घरं, प्रत्येकात एत्रुस्कन लिपीत देवांची नावं. एत्रुस्कन विद्येत आकाशाचेही १६ भाग, म्हणजे यकृत हा आकाशाचा नकाशा झाला. ते तुमच्या प्रसंगाहून उशिराचं आहे, तरी नाटकातली वस्तू करून घ्यायला उत्तम नमुना.

जास्त चांगलं दिसणंही वाईट, हे इ.स.पू. २०८ मध्ये कॉन्सल मार्सेलुसच्या बाबतीत घडल्याचं काही जणांनी नोंदवलंय. पहिल्या पशूच्या यकृताला डोकं नव्हतं. दुसऱ्यात सगळं जागच्या जागी, डोकं तर नेहमीपेक्षा मोठं. हारुस्पेक्स खूश झाला नाही: तुटक्या इंद्रियांपाठोपाठ एवढी भरघोस आलेली त्याला पटली नाहीत. त्याच दिवशी वेनुसियाजवळ टेहळणीला गेलेला मार्सेलुस हॅनिबलच्या लोकांच्या सापळ्यात सापडून मारला गेला.

हाच मार्सेलुस स्वतः ऑगर होता आणि मोहिमेवर महत्त्वाचं काम असलं की बंद पालखीतून जात असे, वाटेत न मागितलेला शकुन दिसू नये म्हणून. मागितलेल्या आणि आपसूक समोर आलेल्या शकुनांत फरक करीत. आपसूक आलेला तुम्ही पाहिलाच नाहीत तर तो लागू होत नाही.

इंद्रियं निर्दोष निघाली तर बळी देवाने स्वीकारला. नाहीतर नवा पशू, आणि स्वीकार होईपर्यंत पुन्हा पुन्हा. पण तिथेच धोका संपत नाही. बैलाची इंद्रियं हंड्यात उकडून, तुकडे करून, मोला साल्सा लावून मग वेदीवर जाळत. इ.स.पू. १७६ मध्ये नोकराने कॉन्सल कॉर्नेलियुसला सांगितलं की यकृत विरघळलं. त्याचा विश्वास बसेना, त्याने हंड्यातलं पाणी ओतायला लावलं. बाकी इंद्रियं शाबूत, यकृत नाहीसं. दुसरा कॉन्सल पेतिलियुस म्हणाला, माझे तीन बैल झाले, यकृताला डोकं नव्हतं. सिनेटने मोठे पशू देत राहायला सांगितलं. इतर देवांनी स्वीकारलं, सालुस देवीने पेतिलियुसचं स्वीकारलं नाही. सालुस म्हणजे क्षेमकुशलाची देवता. ते दोघेही त्याच वर्षी मेले, एक आजारात, दुसरा लिगुरियातल्या लढाईत.

आणखी एक, यकृतं पाहण्याला निव्वळ व्यवहारी उपयोगही होता. रोमन वास्तुकार वित्रुवियुस लिहितो की गाव किंवा कायमची छावणी वसवण्याआधी जुने लोक त्या जागी चरणाऱ्या मेंढ्यांचा बळी देऊन यकृत तपासत. काळंनिळं निघालं तर आणखी पशू पाहत, म्हणजे दोष एका जनावराच्या आजाराचा की चाऱ्या-पाण्याचा ते कळे. सगळीकडे तेच दिसलं तर जागा बदलत. पाणथळ कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांच्या यकृतात चपटे कृमी होतात हे आजही कोणताही पशुवैद्य सांगेल.

---

विदिशा_ना

अक्विलोनियाच घेते. शेवटचं विचारते: यात सिबिलच्या पोथ्या कुठे बसतात? आणि मांसाचं काय करत?

---

ध्रुवमत्स्य

सिबिलच्या पोथ्या, म्हणजे सिबिल नावाच्या भविष्यवादिनीच्या मानलेल्या वचनांचे ग्रंथ, छावणीत कधीच नाहीत. त्या रोममध्ये, ज्युपिटरच्या मंदिरात, आणि सिनेटने हुकूम दिल्याशिवाय उघडायच्या नाहीत. दगडांचा पाऊस, देवळावर पडलेली वीज असं काही झालं की खबर सिनेटकडे येते. सिनेट ती स्वीकारते किंवा नाकारते. इ.स.पू. १६९ मध्ये दोन खबरा नाकारल्या गेल्या, एक खाजगी जागेतली म्हणून, दुसरी परक्या भूमीवरची म्हणून. स्वीकारली तर पोथ्यांतून उपाय शोधत: कोणत्या देवाला कोणता पशू, किती दिवस प्रार्थना. दगडांच्या पावसाला बहुधा नऊ दिवसांचा विधी. तुमच्या प्रसंगात हवं तर "रोमहून पोथ्यांचा निरोप आलाय" एवढं एक वाक्य पुरे.

---

तांबडमाती

देवाचा वाटा म्हणजे आतली इंद्रियं आणि रक्त. तो वेदीवर पूर्ण जळेपर्यंत कोणी जेवायचं नाही. मग यजमान उरलेल्या मांसावर हात ठेवतो आणि ते माणसांच्या वापराला मोकळं होतं. छावणीत ते सैनिकांत वाटलेलं दाखवा. पाताळातल्या देवांना दिलेला पशू मात्र संपूर्ण जाळतात, त्याचं मांस खात नाहीत.

प्रवेशाच्या वेळेचा हिशेब करताना हे धरा: बैल दिला तर मारणं, फाडणं, तपासणं, उकडणं, जाळणं यात सकाळचा बराच भाग जातो. लढाई सकाळीच हवी असेल तर मेंढा दाखवा आणि वेदीवरचा जाळ चालू असतानाच सैन्य हलवा. शकुनाची मुदत मध्यरात्रीपर्यंत आहे, त्यामुळे दुपार झाली तरी नियम मोडत नाही.

---

जुनी_वही

भर एवढीच: पिंजरा झाकलेला ठेवा आणि "शांतता आहे असं वाटतं" हे उत्तर आल्यावरच उघडा. अक्विलोनियात कॉन्सल स्वतः पिंजऱ्यापाशी नव्हता, म्हणूनच खोटं खपलं. त्याला त्याच्या तंबूत बसलेलाच दाखवा, पुल्लारियुस बाहेरून येऊन कळवतो. प्रेक्षकांना पिंजरा दिसू दे, कॉन्सलला नको.